सर्व्हर रूममधली दुसरी खुर्ची

ही गोष्ट खरी आहे.

असं म्हटलं की लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. मीही हसायचो. चष्म्याच्या दुकानात बसतो मी. "आता नीट दिसतंय का?" एवढंच विचारण्यात माझा जन्म चाललाय. जे दिसत नाही त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही, असं माझं साधंसरळ मत होतं. पण हे माझ्या सख्ख्या चुलत बहिणीच्या बाबतीत घडलं, आणि शेवटी शेवटी मीही त्यात ओढला गेलो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. माझा कुणाला आग्रह नाही.

आणखी एक आधीच सांगतो. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, दिवेही गेले नव्हते.

रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

ही माझी बहीण माझ्यापेक्षा मोठी, त्यामुळे आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. ती एका लहानशा कंपनीत सर्व्हर सांभाळते. म्हणजे काय, हे तिने मला बरेचदा समजावलंय. आपण मोबाइलवर एखादी साइट उघडतो, ती कुठेतरी एका मशीनमध्ये भरून ठेवलेली असते. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातच अडवायचं, कुठलं पान कुठून काढून द्यायचं, हे सगळं त्या मशीनला आधी सांगून ठेवावं लागतं. पूर्वी म्हणे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत बसायचे. आता त्यासाठी पॅनेल असतं. त्यात चौकोन असतात, बटणं असतात. हव्या त्या चौकोनात खूण करायची आणि शेवटी 'अप्लाय' दाबायचं, झालं काम.

"तुझ्यासारख्या ढ माणसालाही जमेल," असं ताई मला चिडवायची.

पण मेख तिथेच आहे. सोपं दिसतं म्हणून हात भराभर चालतो, आणि डोकं मागे राहतं.

हे वाक्य मास्तरांचं. मास्तर म्हणजे ताईच्या कंपनीतले सगळ्यात जुने. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण कंपनीत जो येईल त्याला तेच शिकवायचे, म्हणून मास्तर. तरुणपणी त्यांनी एकदा एकट्याने बसून पॅनेलची सेटिंग बदलली होती. पॅनेल कुणाला उघडू द्यायचं, ती. त्यात स्वतःलाच घालायला विसरले आणि अप्लाय दाबलं. झालं! स्वतःच बाहेर. आत काम चालू, आणि दार उघडता येईना. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातली, असं ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

तेव्हापासून त्यांनी एक शिस्त घातली. सर्व्हर रूममध्ये दोन खुर्च्या. एकीवर दाबणारा, दुसरीवर ऐकणारा. दाबणाऱ्याने पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची. बारीक अक्षरातलीसुद्धा. ऐकणाऱ्याने विचार करायचा आणि म्हणायचं, "लाव." किंवा म्हणायचं, "थांब." लाव म्हटल्याशिवाय बोट बटणाकडे जाता कामा नये. मालकाचंसुद्धा.

ताई दाबायची. मास्तर ऐकायचे.

त्यांना दमा होता. त्यामुळे ते लगेच बोलत नसत. आधी एक लांब श्वास, त्यात बारीकशी शिट्टी, आणि मग तो शब्द. ताईला त्या श्वासाची इतकी सवय झाली होती, की श्वास ऐकूनच आता लाव येणार की थांब येणार, ते तिला कळायचं.

एका सकाळी मास्तर कामावर आले नाहीत. रात्री झोपले ते उठलेच नाहीत.

ताई फार रडली. वडील गेले तेव्हा रडली नव्हती इतकी रडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच सुमारास तिच्या घरी दुसरंच संकट उभं होतं. आमचे भाऊजी वायरमन. शिडीवरून पडले आणि पाठीचं हाड मोडलं. बिछान्यावर पडून होते. घर ताईच्या एकटीच्या पगारावर आलं. तिला दिवसभर बाहेर राहावं लागायचं आणि इकडे भाऊजींना पाणी द्यायलाही माणूस नसायचं. नणंद यायची, पण तिलाही तिचं घर होतं.

मालकांनी ताईला सांगून ठेवलं होतं. एका रुग्णालयाची साइट जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर न्यायची होती. कुणाला तातडीने रक्त लागलं की त्याच साइटवरून दात्यांना निरोप जायचे, त्यामुळे काम नाजूक. हे काम ताईने नीट पार पाडलं, तर मास्तरांची जागा तिची. आणि घरून काम करायची मुभाही मिळेल. नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, आणि मग ताईला ठेवायचं कशासाठी, हाही प्रश्न होताच. मालक वाईट नव्हते. पण धंदा म्हटल्यावर तेही काय करणार?

तर ताईला काय हवं होतं, ते कळलं ना? ती जागा हवी होती. भाऊजींच्या उशाशी बसून काम करता यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या रविवारी ती दुपारी ऑफिसात पोचली. इमारतीत खाली पहारेकरी, वर कुणी नाही. साइट आठवडाभर आधीच नव्या मशीनवर उतरवलेली होती. आता फक्त सेटिंग करायच्या, खात्री करायची आणि शेवटी जुनं मशीन पुसून कोरं करायचं. संध्याकाळी ते मशीन न्यायला माणूस येणार होता.

ऐकणारे म्हणून मालक फोनवर असणार, असं ठरलं होतं. ते प्रवासात होते. ताईने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. नाहीच.

थांबायला वेळ नव्हता.

सर्व्हर रूमला खिडकी नाही. काचेचं दार, आत गारठा, आणि मशीनच्या पंख्यांची सतत घरघर. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, मग ती ऐकूच येत नाही, असं ताई सांगते. ती आपल्या खुर्चीवर बसली. शेजारी दुसरी खुर्ची तशीच होती. मास्तरांची उशी तिच्यावर तशीच. कुणाला काढावीशी वाटली नव्हती.

ताईने पॅनेल उघडलं. पहिली सेटिंग भरली. आणि सवयीने मोठ्याने वाचली. साइटचं नाव अमुक, फोल्डर तमुक, पहिलं पान हे.

वाचून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ऐकणारं कुणी नाहीये. तिला स्वतःचंच हसू आलं.

तेवढ्यात... घरघर थांबली.

पंखे फिरत होते. हिरवे दिवे लुकलुकत होते. पण आवाज नाही. कानात कापूस घातल्यासारखं सगळं गप्प झालं.

आणि त्या शांततेत...

एक लांब श्वास.

बारीकशी शिट्टी.

"लाव."

घरघर पुन्हा सुरू झाली.

ताई बसल्या जागी थिजली.  मान वळवली तेव्हा खुर्ची रिकामी होती. उशी सपाट होती. फोन पर्समध्ये, पर्स बाहेरच्या टेबलावर.

मी तिला म्हटलं, तू तिथूनच पळायला हवं होतंस. ती म्हणाली, "अरे, मला भीतीच वाटली नाही. मला रडू आलं."

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं तिने स्वतःला समजावलं. इतकी वर्षं तो शब्द ऐकला, कानात बसलाय, दुसरं काय. तिने अप्लाय दाबलं. सेटिंग बरोबर लागली.

मग दुसरी सेटिंग. मोठ्याने वाचली.

घरघर गेली... श्वास... "लाव."

तिसरी. तसंच.

आणि मग आली ती सेटिंग. पॅनेल कुणाला उघडू द्यायचं, ती. ताईने भरली, वाचली. पॅनेल फक्त याच खोलीतल्या कॉम्प्युटरवरून उघडेल, आणि त्या कॉम्प्युटरचा नंबर हा.

शांतता.

श्वास आला. पण नेहमीपेक्षा लांब.

"थांब."

ताईने पडद्याकडे नीट पाहिलं.  नंबर चुकला होता. मागच्या वर्षी भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरचा नंबर हाताच्या सवयीने टाइप झाला होता. दाबलं असतं तर ती मास्तरांसारखीच बाहेर राहिली असती. रविवारी, एकटी, मालकांचा फोन बंद. काम गेलंच असतं.

हे मनाचे खेळ नव्हेत, हे तिला तेव्हा कळलं. जे तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं नव्हतं, ते तिचं मन तिला कसं सांगणार?

तिने नंबर सुधारला. डोळे पुसले. आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "मास्तर, बसा. आज तुम्हीच पार पाडा."

 आता तिला एकटं वाटेना. पुढचं काम झरझर झालं. ती वाचत होती, शेजारून लाव येत होतं, ती दाबत होती. नव्या मशीनवर साइट सुरू झाली. तिने उघडून पाहिली, पान बरोबर आलं.

मग राहिली दोन कामं. पहिलं, मास्तरांचं अकाउंट काढून टाकायचं. गेलेल्या माणसाचं अकाउंट पॅनेलमध्ये राहता कामा नये, अशी रुग्णालयाची अटच होती. ते असेल तर काम झालं असं ते धरणार नव्हते.

 जड मनाने ताईने वाचलं. मास्तरांचं अकाउंट, कायमचं काढायचं.

घरघर गेली.

ती वाट बघत राहिली. श्वास येईना. बराच वेळ काहीच नाही. आणि मग अगदी कानाशी...

"थांब."

ताई म्हणते, तो आवाज विनवणीचा होता. निदान तिला तेव्हा तसं वाटलं.

तिने पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. "थांब."

तिला भरून आलं. मास्तरांना जायचं नाहीये, असं तिला वाटलं. या खोलीत उभा जन्म काढलेला माणूस, त्याचं नाव तेवढं उरलंय, तेही आपण पुसतोय. पण तिच्या डोळ्यांपुढे बिछान्यावरचे भाऊजी होते. ती हात जोडून म्हणाली, "मास्तर, माझं घर यावर आहे. आता मला जाऊ द्या आणि तुम्हीही जा."

आणि तिने दाबलं.

एकदम घरघर सुरू झाली. इतकी मोठी, की ती दचकली. दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं तर तिथे नुसती खुर्ची होती. आधीही खुर्चीच होती, पण फरक तिला कळला, असं ती सांगते. आपल्या हाताने माणसाला घराबाहेर काढल्यासारखं तिला वाटलं. 

मग तिने साइट पुन्हा उघडून पाहिली. पान आलं. सगळं ठीक होतं.

आता शेवटचं काम. जुनं मशीन पुसून टाकायचं.

ताईने जुन्या मशीनचं पॅनेल उघडलं. वाचायला लागली. या मशीनवरची सगळी माहिती कायमची...

"लाव."

तिचं वाक्य पुरं झालं नव्हतं.

ताई थांबली. घरघर बंद झाली नव्हती. आवाज त्या घरघरीतूनच आला होता. आणि आणखी काहीतरी चुकत होतं. काय चुकतंय ते कळायला तिला एक क्षण लागला.

श्वास नव्हता.

शिट्टी नाही, दम नाही, काही नाही. त्या शब्दाच्या आधी कुणी श्वासच घेतला नव्हता.

"मास्तर?" ताईने विचारलं.

"लाव."

या वेळी जवळून. मागून.

दुसरी खुर्ची तिच्या उजव्या हाताला होती. मागे फक्त भिंत.

ताईचं बोट माऊसवर होतं. ती सांगते, बोट आपोआप खाली जात होतं. तिने दुसऱ्या हाताने ते धरून उचललं. बटण नुसतं एका टिचकीवर होतं.

"लाव. लाव. लाव."

ती उठली. खुर्ची कलंडली. काचेचं दार ढकलून ती धावत सुटली ती थेट खाली, पहारेकऱ्याच्या चौकीत. उन्हात. पहारेकरी म्हातारा माणूस, त्याने तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. काय झालं म्हणून विचारलं, तर तिला सांगता येईना. काय सांगणार?

काहीतरी बोलायचं म्हणून तिने त्याला त्याच्या फोनवर रुग्णालयाची साइट उघडायला सांगितली.

त्याने उघडली. फोन तिच्यासमोर धरला.

पान सापडत नाही, असं तिथे लिहिलं होतं.

आता हे मला तिने दोनदा समजावलं तेव्हा कळलं, तेव्हा तुम्हीही नीट ऐका. तिच्या कॉम्प्युटरने ते पान आधी एकदा बघितलेलं, म्हणून साठवून ठेवलेलंच पान तो तिला दाखवत होता. खरी साइट तर उडाली होती. कारण नवं मशीन मास्तरांनीच जाण्याआधी उभं केलेलं, त्यामुळे तिथे ती त्यांच्याच अकाउंटच्या फोल्डरमध्ये उतरवलेली होती. आणि अकाउंट काढायच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, अकाउंटबरोबर त्याचं फोल्डरही काढा. तिथे आधीपासूनच खूण होती. ताईने ती ओळ वाचलीच नव्हती. त्या एका पानावर ती रडत होती, आणि शिस्त विसरली.

मास्तर विनवणी करत नव्हते.

ते त्यांचं काम करत होते. चूक दिसली, म्हणून थांब म्हणत होते. आणि हिने त्यांनाच काढून टाकलं.

आता सगळी माहिती उरली होती ती एकाच ठिकाणी. त्या जुन्या मशीनवर. जे पुसून टाक म्हणून तो दुसरा आवाज मागे लागला होता.

ताई चौकीत बसून ओक्साबोक्शी रडली.

संध्याकाळी मालकांचा फोन लागला. तिने चूक कबूल केली. आवाजांचं सोडून बाकी सगळं सांगितलं. मालक अर्ध्या वाटेतून परत आले. मशीन न्यायला आलेल्या माणसाला परत पाठवलं. दोघांनी बसून जुन्या मशीनवरून सगळं पुन्हा उतरवलं. मालक दुसऱ्या खुर्चीवर, उशी काढून बसले. तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. सोमवारी रुग्णालयाने काम पाहिलं आणि पसंत केलं.

मालक म्हणाले, चूक कुणाचीही होते, पण शेवटचं बटण दाबायच्या आधी जो थांबतो तोच माणूस मला हवा. मास्तरांची जागा ताईला मिळाली. पगार वाढला. आम्ही सगळे खूश.

आणि त्या खोलीत रोज बसायचं ताईच्या नशिबी आलं.

तो आवाज गेला नव्हता. ती एकटी असली की यायचा. काहीही वाचलं की लाव. श्वास न घेता, वाक्य पुरं व्हायच्या आत. तिने एकटीने काही दाबायचंच सोडून दिलं. मालक येईपर्यंत काम अडवून ठेवायची. मालक वैतागायचे. नोकरी सोडावी तर घर कसं चालणार? इकडे आड, तिकडे विहीर.

हे सगळं ताईने मला तेव्हा सांगितलं. घरून काम करायची मुभा मिळालीये ना, मग घरीच का बसत नाहीस, असं मी तिला विचारलं. तेव्हा कळलं, की त्यासाठीही एक सेटिंग करावी लागते. पॅनेल त्या खोलीबाहेर, तिच्या घरून उघडू द्यायचं. मालकांनी परवानगी दिली होती, पण त्या खोलीचं दार आपल्या घरात उघडायला तीच धजत नव्हती. भाऊजी रोज विचारायचे, कधी गं घरी बसणार तू? ती आज करते, उद्या करते म्हणायची.

मग एके दिवशी दुपारी माझ्या दुकानात तिचा फोन आला.

ती त्या खोलीतूनच बोलत होती. आवाज पडला होता. म्हणाली, आज ती सेटिंग करायला बसलेय, मालक बाहेरगावी आहेत, भाऊजींची त्यांच्या बहिणीशी भांडणं झालीत, ती आता येणार नाही. आजच्या आज हे करायलाच हवं. मोठ्याने वाचलं...

"मग? लाव म्हणालं?" मी विचारलं.

"नाही रे. थांब म्हणालं."

माझ्या समोर गिऱ्हाईक बसलं होतं. मी फोन घेऊन आत गेलो.

"श्वास घेतला," ताई म्हणाली. "शिट्टीसकट. अगदी मास्तरांसारखं. मास्तर असतील तर मी थांबायला हवं. पण मास्तर नसतील, ते त्यांच्यासारखं बोलायला शिकलं असेल, तर? तर ते मला इथेच अडकवून ठेवतंय ना?"

मी आतलं दार लावून घेतलं.

ती म्हणाली, "तू माझा ऐकणारा हो. मी वाचते. तू जे म्हणशील ते."

मी तिला म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण तिने वाचायला सुरुवात केलीच होती. पॅनेल आता ताईच्या घरून उघडेल, घरच्या कनेक्शनचा नंबर हा. एक एक अक्षर वाचलं, बारीकसुद्धा. आणि थांबली.

मी गप्प होतो. खरंच गप्प होतो. काय म्हणावं याचा विचार करत होतो.  तिच्या बाजूची घरघर मला फोनवरून ऐकू येत होती...

आणि ती ऐकू येईनाशी झाली.

"बरं," ताई म्हणाली. "लावते."

फोन बंद झाला.

मी लगेच परत लावला. ताई हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. झालं म्हणाली, सुटले बघ. मी तिला म्हटलं, ताई, मी काही बोललोच नाही. तिचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "चेष्टा करू नकोस. 'लाव ताई' म्हणालास की."

मी तिला ताई म्हणतो, हे त्या आवाजाला कुणी सांगितलं होतं? मी तेव्हा वाद घातला नाही. ती घरी बसायला लागली, भाऊजींची सोय झाली, काम उत्तम चाललं. मी म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. घरी तो आवाज कधीच आला नाही, असं ताईच सांगत होती.

मग मध्ये एकदा भाऊजींचा फोन आला. मजेत होते. म्हणाले, काय रे, दुकानात गिऱ्हाईकं नाहीत वाटतं हल्ली? दिवसभर ताईशी फोनवर असतोस. ती आत बसून वाचते आणि तू आपला लाव, लाव करत असतोस.

गेल्या कित्येक दिवसांत मी ताईला फोन केला नव्हता.

मी तसं म्हणायच्या आतच भाऊजी पुढे बोलले. पाठ फार दुखत होती म्हणून काल ताई झोपेच्या गोळ्यांचं पाकीट वाचत होती. मोठ्याने, तिच्या सवयीने. एक द्यावी की जास्त, हे तिला समजेना. बरं झालं तू होतास, म्हणाले.

मी दुकान उघडं टाकून निघालो. दार ताईने उघडलं. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला, कारण भाऊजींना पुन्हा गोळ्या देऊन झाल्या होत्या, आणि त्या क्षणीही ती फोनवर माझ्याशीच बोलून उठली होती. मी काही न बोलता आत गेलो. भाऊजी अर्धवट झोपेत होते. पाकीट उशाशी होतं, रिकामं.

भाऊजी वाचले, हे सांगून टाकतो. दवाखान्यात वेळेवर नेलं. डॉक्टरांनी ताईलाच झापलं आणि तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. ती आता कॉम्प्युटरला हात लावत नाही, माझ्याशी फोनवर बोलत नाही, काही बोलायचं असेल तर मला घरी बोलावते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी तिला दोष देत नाही. मीही हल्ली बोलताना कचरतो.

पण त्या दिवशी मी भाऊजींना खांद्याला धरून हलवलं होतं, आणि विचारलं होतं, भाऊजी, गोळ्या किती घेतल्या?

त्यांनी डोळे किलकिले केले. माझ्याकडे बघून हसले.

"तू म्हणालास तेवढ्या," ते म्हणाले.